सोबतीला गेले अन् तपासून आले

...तर मी म्हनते, सोबतीला आलेल्या बाईला तपासत्यात का कुटं? सांगा ना! आजार रतनचा, आमच्या धाकट्या जावंचा. कंबर तिची दुखायची, अंगावरनं पांढरं तिला जायचं. मिरजगावच्या शाळेत नगरच्या डॉक्टरीनबाई येनार, बायांची तपासनी करनार, म्हनून मी आपली तिच्यासंगं गेले. ती लाजाळू, एकटी कशी जाईल? आन मला कुटं काय झालं हुतं!

तुमाला सांगते, चौथीच्या वर्गात टेबल, म्होरं सतरंजीचा पडदा, आन बाहेर साठ-सत्तर बाया! नंबर काय येईना. घरी म्हशीची धार ऱ्हायलेली, मी उठते, बसते, पुन्हा उठते... नर्स म्हनली, "मावशी, सारख्या उठताय कशाला? नाव काय तुमचं?" "मनकर्णा." लिवलंच की तिनं! मी म्हनलं, "अगं बाई, माझं नगं लिहू, माझं दुखत न्हाई, खुपत न्हाई!" तर कशी नाकात बोलती, "ज्यांना काही होत नाही ना मावशी, त्यांच्यासाठीच आहे ही तपासणी." आता बोला! न करपलेली भाकरी कुनी खरवडतं का?

मग निजवलं टेबलावर. वरच्या अंगाला दाबलं, खालच्या अंगाला... जाऊ द्या, लेकीबाळी बसल्यात हितं. मी आपली भिंतीवरच्या नकाशात कर्जत शोधत पडले. काचेच्या पट्टीवर काय ते पुसून घेतलं, "झालं, उठा." रतनला गोळ्या दिल्या, मला काय बी न्हाई. म्हनलंच हुतं मी! मला कुटं काय झालं हुतं!

पंधरा दिसांनी आलं कार्ड. बायांची गोष्ट, पाकिटात घालावी का न्हाई? पोस्टमन कानिफनाथ पिंपळाखाली उभा ऱ्हाऊन खणखणीत वाचतोय, "सौ. मनकर्णा यांस, तपासणीत शंका आढळली आहे, विलंब न करता नगरला यावे!" झालं! कार्ड माझ्या हातात यायच्या आधी गाव दारात, डोळ्याला पदर. आन छबूबाई, तुमी हितं बसलाय म्हनून तोंडावर सांगते... "मनकर्णे, ते जरीचं लुगडं कुनाला द्यायचं ठरवलंस गं?" असं इचारलंत का न्हाई? व्हय म्हना की!

वरनं मी हसले. पन भाकरी थापता थापता हात थांबायचा. धाकट्याला अजून चड्डीची नाडी बांधता येत न्हाई वो... दुखत असतं, तर दुखन्याशी भांडले असते. जे दुखतच न्हाई, त्याच्याशी कसं भांडायचं? आन सारखं आपलं मनात, मला कुटं काय झालं हुतं, मला कुटं काय झालं हुतं!

मालक एष्टीनं संगं नगरला आले. स्टँडवर उतरलो, तर माझं बोचकं त्यांनी घेतलं. लगीन झाल्यापासनं अठरा वर्सांत पहिल्यांदा! तवा मातर मी घाबरले.

डॉक्टरीनबाई म्हनल्या, "गर्भपिशवीच्या तोंडाशी खराबी सुरू होत होती. अगदी थोडी आहे, तेवढीच काढून टाकू. अजून काही वर्षं तशाच राहिला असतात, तर माझ्या हातात काही उरलं नसतं." ऐकून मालक मटकन बाकावर बसले. नर्सनं पानी दिलं, ते बी त्यांनाच!

काढली तेवढी खराबी. आठ दिस दवाखान्यात निजून हुते, आयतं ताट समोर. चार बाळंतपनं झाली, पन एवढी निजले न्हाई कधी. निघताना बाईंनी बजावलं, "सहा महिन्यांनी दाखवायचं, आणि महिनाभर जड उचलायचं नाही."

काल घरी आले. सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, माझ्या तोंडावरनं हात फिरवला, रडल्या. म्हनल्या, "जड उचलायचं न्हाई ना बाय? नगं उचलू. बस अशी भिताडाला टेकून." मी बसले. आन रेशनच्या तांबड्या मिलो-जवारीचं सूप ठेवलं की मांडीवर, निवडायला! म्हनल्या, "खडे काय जड असत्यात व्हय?"

...बगत काय बसलाय? सरका अलीकडं, घ्या एकेक मूठ पुढ्यात.