राजाचं बाकडं

आम्ही मूळचे मालवणकडचे, पण मी वाढलो मुलुंडला, बाबा गिरणीत होते, आणि त्याआधी गावच्या दशावतारात राजा व्हायचे, म्हणजे काय सांगू तुम्हाला, मी नीट बोलायच्या आधी राक्षस काढायला लागलो असेन, भिंतीवर, कोळशानं, आईचा मार खाऊन.

मी कमवायच्या वयाचा झालो तेव्हा कॉमिक्स नवीनच निघाली होती. अंधेरीला एक प्रकाशक होते, त्यांनी मला एका पुराणातल्या गोष्टीची पानं काढायला दिली. बाबांनी तर गिरणीत माझं बोलून ठेवलेलं. म्हणाले, ह्यां पास झालां तर बरां, नाय तर सोमवारपासून माझ्यावांगडा गिरणीत येवचा, म्हणजे त्यांच्याबरोबर. आणि पानं दाखवायला स्वतःच बरोबर आले, इस्त्रीचा शर्ट घालून. माझी वाट लागली होती.

साहेब राक्षस बघून खूश झाले, मग दरबाराच्या चित्रावर बोट ठेवलं. अहो, हा राजा बाकड्यावर काय बसलाय, बसची वाट बघतोय का? मला कळेचना चुकलं कुठं. गावी जत्रेला जाऊन बघायचो त्या आमच्या दशावतारात एक लाकडी बाकडं असतं, तेच सिंहासन, तेच डोंगर, तेच रथ, राजा दुसऱ्या कशावर बसलेला मी जन्मात बघितला नव्हता. साहेब पानं परत द्यायला लागले. म्हटलं, संपलं, आता गिरणी.

तर बाबा म्हणाले, साहेबानू, आमचो राजा बाकड्यारच बसता, तो बसलो काय ताच सिंहासन. आणि तिथल्याच बाकावर एक पाय वर घेऊन बसले, छाती काढली, आवाज लावला, कोण आहे रे तिकडे. शिपाई खरंच धावत आला. साहेब हसून हसून दमले, म्हणाले, बाकडं राहू दे, पण राजा असा बसव.

बसवला. पुढे जन्मभर राजेच काढले. बाबांनी गिरणीचं नाव परत घेतलं नाही, उलट चाळीत सांगत फिरायचे, माझो झील चित्रां काढता. मुलाचं असं कौतुक ऐकून ऊर भरून यायचा हो, अजून येतो.

आता नाहूरला मुलाकडे असतो. नात टॅटू काढायला शिकली, बोरिवलीला छोटा गाळा घेतला भाड्यानं, तर तिचा बाप, म्हणजे माझाच मुलगा, हट्टाला पेटला की नोकरीच कर. मी म्हटलं चल गं, मी येतो. तोही आला मागोमाग, तोंड पाडून. पहिलं गिऱ्हाईक मीच, बाही वर केली, म्हटलं काढ काय काढायचं ते. चामडी म्हातारी, त्यात हात थरथरतो माझा, पण पोरीनं झकास काढलं, देव तिचं भलं करो. दंड हलू नये म्हणून तिचा बापच धरून बसला होता, शेवटपर्यंत.