एकवीस फेरे

वाहन-तपासणीच्या प्रतीक्षागृहात मिझुए पेंगत होती. बाहेर दाट धुकं होतं. मागच्या बाकावर एक म्हातारं जोडपं बोलत होतं.

“ट्रक नापास झाला, तर विकून टाकायचा आणि ओसाकाला लेकाकडे जायचं. ठरलंय.”

“ठरलंय.”

“स्टिअरिंगचा जुना सांधा सोडवताना फेरे मोजत होतो, नेमकी तू चहाला हाक मारलीस. आकडाच विसरलो. नवा तितकेच फेरे फिरवून बसवला नाही, तर चाकं वाकडी राहतात, ट्रक नापास.”

“मी सांगितला की. एकवीस.”

“तुला कसा कळला?”

“तुम्ही मोठ्यानं मोजता. कपडे वाळत घालताना मीही मोजत होते.”

खिडकीतून कारकून ओरडला, “ओनुमा-सान, ट्रक पास!”

“चाकं अगदी सरळ निघाली गं,” मागचा म्हातारा म्हणाला.

“हं.”

“तुला जायचं होतं ना ओसाकाला?”

“फार.”

“मग आकडा चुकवायचास.”

“चुकवणारच होते. पण तुम्ही ट्रकखालून ‘किती झाले गं?’ म्हणून विचारलंत.”