साखरेसाठी अर्ज

माझी खोडी आजवर कुणी पकडली नव्हती. म्हणजे सूनबाईने पकडेपर्यंत. देशपांडे, दात काढू नकोस, सांगताना अजून माझी मान खाली जाते.

आमची ही सून, नीता, कोर्टात वकिलांवरची साहेबीण. वकील नसलेले कैदी स्वतःच्या हाताने मोडक्यातोडक्या इंग्रजीत अर्ज लिहितात, ते तिची माणसं वाचतात. कितीही गिचमिड असो, शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचं, हा तिचा नियम. मी सातवी पास, माझं इंग्रजी तसलंच. म्हटलं, आपल्याला जमेल! पेन्सिलीने लिहिलं, "म्हातारा आहे. डायबेटिस आहे. कोंडून ठेवलाय. चहात साखर देत नाहीत." खोटं नाव घातलं आणि दिलं पोस्टात टाकून.

चार दिवसांनी नीता तो कागद घेऊनच घरी आली.

"बाबा, अक्षर तुमचं ना? माझ्या हाताखालची एक वकील काल दिवसभर एकेका तुरुंगात फोन करून हा म्हातारा शोधत होती."

मी खो खो हसलो. "मग, सापडला का?"

ती हसली नाही.

"गठ्ठ्यात तुमच्या पत्राखालचं पत्र खऱ्या कैद्याचं होतं, डायबेटिसवाल्याचं. त्याला इन्सुलिन मिळत नाहीये. ते आम्ही आज उघडलं. एक दिवस उशीर का झाला, ते त्याला तुम्ही कळवता की मी कळवू?"