प्रमिलाबाईंचा तपासलेला समुद्र

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या संस्थेचे ज्येष्ठ मार्गदर्शक आदरणीय सदाशिवरावजी भोयर. आर्वीहून भर एप्रिलच्या उन्हात एसटीने आलेले प्रमुख पाहुणे पुंडलिकरावजी कडू सर. आज सेवानिवृत्त होत असलेल्या सत्कारमूर्ती, ज्यांना एका जागी बसवून ठेवणं तीस वर्षांत आम्हाला आज प्रथमच जमलं, त्या प्रमिलाबाई झाडे. माझे सहकारी, पालक आणि विद्यार्थी मित्रहो,

मुख्याध्यापक म्हणून माझ्याकडे दोन शब्द बोलण्याचं काम आहे. ते दोनच राहणार नाहीत, याची अध्यक्षांना कल्पना आहे. त्यांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलंच आहे.

बाईंची सेवा, निकालाची टक्केवारी, मिळालेले पुरस्कार हे सगळं मानपत्रात आलं आहे. मानपत्रात जे लिहिता आलं नाही, ते मी सांगणार आहे. त्यात माझीही एक चूक आहे. आज ती सांगितली नाही, तर पुन्हा कधी सांगणार?

गोष्ट दोन हजार तीन सालची. तेव्हा मी शाळेत पर्यवेक्षक होतो. नववीला समुद्रावरची एक कविता होती. किनाऱ्यावर कोणीतरी वाट पाहतंय, भरती येते, ओहोटी येते, होडी काही येत नाही, अशी. आता आपल्या सेलूच्या पोरांनी पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे बोर धरण. बाईंनी विचारलं, "भरती म्हणजे काय?" मागच्या बाकावरून उत्तर आलं, "मॅडम, पोलीस भरती." दुसऱ्याने लगेच विचारलं, "मंग ओहोटी कोन्त्या खात्यात होते?"

आम्ही शिक्षक-खोलीत पोट धरून हसलो. बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "पोरांचं काय चुकलं? त्यांनी पाहिलंच नाही. दाखवायला मी कमी पडले."

त्या शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर त्या वर्ध्याला गेल्या. बस स्टँडजवळ तेव्हा एक सायबर कॅफे होता. पंचेचाळिशीतल्या बाई, हातात पाठ्यपुस्तक, आणि आजूबाजूला परीक्षेचे निकाल पाहायला आलेली कॉलेजची मुलं. मराठी पान उघडलं की अक्षरांच्या जागी नुसते चौकोन दिसायचे. ते फॉन्टचं प्रकरण समजून घ्यायलाच त्यांचे दोन शनिवार गेले. तिसऱ्या शनिवारी त्यांना एकाच किनाऱ्याची दोन चित्रं सापडली. एकात होडी पाण्यावर, दुसऱ्यात तीच होडी वाळूत बसलेली. सोमवारी त्यांनी ती फळ्यावर चिकटवली. भरती-ओहोटी पाच मिनिटांत वर्गाला कळली. छपाई काळी-पांढरी होती, म्हणून "मॅडम, समुद्र काळा राह्यते का?" हा प्रश्न तेवढा नवीन निघाला.

इथपर्यंत सगळं छान होतं. पण त्याच शोधात त्यांना आणखी एक पान मिळालं होतं. परदेशी राहणाऱ्या कोणा हौशी माणसाने त्यावर कवींची माहिती लिहिली होती. कवींचा तरुण मुलगा समुद्रात बुडाला आणि त्या दुःखातून ही कविता जन्मली, असं तिथे होतं. बाईंनी ते वर्गात वाचून दाखवलं.

त्या वर्गात आकांक्षा नावाची मुलगी होती. आदल्या उन्हाळ्यात तिचा धाकटा भाऊ विहिरीत बुडून गेला होता. तेव्हापासून ती वर्गात बोलत नसे. हजेरीलाही नुसता हात वर करायची. त्या दिवशी ती रडली, आणि तास संपल्यावर बाईंजवळ जाऊन म्हणाली, "मॅडम, मी त्या कवीले पत्र लिहू का?"

मी ते पत्र वाचलं आहे. दीड पान होतं. तिने लिहिलं होतं, "तुमचा मुलगा गेला, माझा भाऊ गेला. घरी त्याचं नाव कोणीच घेत नाही. तुम्ही कविता लिहिली, म्हणजे तुम्ही नाव घेतलं. मला ते आवडलं." बाईंनी प्रकाशकाच्या पत्त्यावर ते धाडलं. पोरगी हळूहळू बोलू लागली. आम्हा सगळ्यांना वाटलं, चला, मोठं काम झालं.

दीड महिन्याने कवींचं उत्तर आलं. पत्राचा बोभाटा नको असं त्यांनी लिहिलं होतं, म्हणून त्यांचं नाव मी आजही घेत नाही. मजकूर असा होता : "माझा मुलगा सुखरूप आहे, बँकेत नोकरीला आहे. ही माहिती कोणी पसरवली, मला ठाऊक नाही. शेजारच्या एका बाईला धक्क्यावर वाट पाहताना बघून मी ती कविता लिहिली. तिचा नवरा दुसऱ्या दिवशी परत आला. तुमच्या विद्यार्थिनीला काय उत्तर द्यावं, ते मला सुचत नाही. तिचं दुःख मी भोगलेलं नाही. पण तिला सांगा, तिचं पत्र मी जपून ठेवलं आहे."

बाई ते पत्र घेऊन माझ्याकडे आल्या. आठ दिवसांवर शाळेची तपासणी होती. मी म्हणालो, "बाई, फाडून टाका. पोरगी सुधारली आहे, कशाला उकरून काढता? कोणाला कळणार आहे?"

त्या म्हणाल्या, "प्रभाकरराव, मले तर कळलं ना."

एरवी अगदी प्रमाण भाषेत बोलणाऱ्या बाई त्या दिवशी घरची बोली बोलल्या, तेव्हाच मला समजलं की हे आता थांबायचं नाही.

वर्गात सांगण्याआधी त्या आकांक्षाच्या घरी गेल्या. मीही गेलो. खरं सांगायचं तर बाईंना आवरायला गेलो होतो. तिची आई तानाबाई अंगणात गहू निवडत होती. बाईंनी आडवळण घेतलं नाही. त्या म्हणाल्या, "आकांक्षा, मी तुला चुकीचं शिकवलं. मी कुठेतरी वाचलं आणि न तपासता वर्गात सांगितलं. कवींचा मुलगा बुडाला नव्हता."

पोरीने मान वर केली.

"म्हंजे तो जिता हाये?"

"हो. बँकेत नोकरी करतो."

"बरं झालं न मॅडम," ती म्हणाली. "त्याच्या मायले बरं असन."

तानाबाईने सूप बाजूला ठेवलं. पदराने डोळे पुसले आणि आमच्याकडे न पाहता म्हणाली, "आमचा आदेश बी गणितात हुशार होता, मॅडम." वर्षभरात त्या घरात मुलाचं नाव पहिल्यांदा उच्चारलं गेलं होतं. आकांक्षा उठून आईजवळ जाऊन बसली. आम्ही चहा घेतला आणि निघालो.

आता माझी चूक. हे सगळं डोळ्यांनी पाहूनही मी दुसऱ्या दिवशी संस्थेला पत्र लिहिलं, की परवानगीशिवाय इंटरनेटवरचं काहीही वर्गात आणू नये. मला भीती वाटली होती, दुसरं काही नाही. संस्थेने परवानगी देण्याचं काम माझ्याकडेच दिलं. आणि बाईंनी काय केलं असेल? वाद घातला? मुळीच नाही. दर सोमवारी त्या माझ्या टेबलावर कागद आणून ठेवायच्या. प्रत्येकावर लिहिलेलं असायचं : हे कुठे मिळालं, कोणी लिहिलं, दुसरीकडे कुठे पडताळलं, कोणा जाणत्याला विचारलं. सही करायची तर वाचावं लागे. मी वाचत गेलो. लोकगीतांच्या चाली, जुन्या हस्तलिखितांची चित्रं, शब्दांच्या व्युत्पत्ती. दिवाळीच्या सुट्टीत कागद आले नाहीत, तर मलाच चुकल्या-चुकल्यासारखं झालं. सुट्टी संपल्यावर मी माझं पत्र मागे घेतलं. बाईंनी मात्र कागदावरच्या त्या चार ओळी लिहिणं सोडलं नाही.

त्यानंतर शाळेत इंटरनेटची जोडणी आली, मराठी अक्षरं नीट दिसू लागली. आज बाईंच्या संग्रहात एकशे चाळीस कविता-धड्यांचं साहित्य आहे. पुंडलिकराव सर, तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा म्हणाला होतात, "पाहून जातो." दोन दिवस राहून सगळं उतरवून नेलंत. आज आर्वीकडच्या अकरा शाळा ते वापरतात. त्यातल्या एका शाळेत आकांक्षा शिक्षणसेवक म्हणून मराठी शिकवते. तिच्या शाळेत आज परीक्षा असल्याने ती येऊ शकली नाही. तिने सकाळी फोन केला होता. ती बाईंशी काय बोलली, ते मी विचारलं नाही.

बाईंची जागा आता आमच्या हर्षा मॅडम घेणार आहेत. काल त्या संग्रह ताब्यात घेत होत्या. दुपारी त्या जरा घाबरतच म्हणाल्या, "बाई, या धड्याच्या लेखकाचं जन्मसाल तुम्ही चुकीचं लिहिलंय. मी तीन ठिकाणी पाहिलं." बाईंनी चष्मा लावला, कागद पाहिला, लाल पेनाने साल खोडलं, नवीन लिहिलं, आणि खाली हर्षा मॅडमची सही घेतली. मग संध्याकाळपर्यंत भेटेल त्याला त्या सांगत सुटल्या, "हर्षाने माझी चूक काढली." मी बाईंना तीस वर्षं ओळखतो. इतक्या आनंदात त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

अशा माणसाच्या जाण्याने शाळेचं कसं होणार, असं मला आज कोणी विचारलं, तर माझं उत्तर एकच आहे : चांगलं होणार.

बाई, तुम्हाला उदंड आरोग्य लाभो. अध्यक्ष महोदयांनी घड्याळाकडे पाहूनही मला बोलू दिलं, पाहुणे इतक्या उन्हात आले, आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, सगळ्यांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कोणाचं नाव राहिलं असेल, एखादा शब्द कमी-जास्त गेला असेल, तर घरचा माणूस समजून पोटात घाला. मी थांबतो.