लाल गाडीला जीपचं इंजिन

हॅलो?… हॅलो… कोन, कल्याणी?… अगं आयच बोलते… जरा मोठ्यानं बोल बाई, गॅरेजात पत्रा ठोकतायत तुझे आबा… हां, आता येतंय ऐकू.

हो, हो… परवा येतायत तुला न्यायला. सातवा लागला, आता बाळंतपन हिथंच. भाऊ न्हाई तुला, तर बापच मुराळी… जीपनं?… न्हाई गं. लाल गाडीनं.

हसू नको… अगं ऐक ना. मी बी तेच म्हनलं, त्या दोन सीटांच्या बिनटपाच्या गाडीत पोटुशी पोर बसवनार व्हय? पन खोडदच्या दुर्बिणीवरच्या सायबानं बदली झाल्यावर ती ह्यांना दिली, तवापासनं जीव हाय त्यांचा तिच्यात. आन् तुझ्या पाठवनीला नेमकी खेडच्या घाटात बसली… हो ना. तुझ्या सासऱ्यांनी ट्रॅक्टर लावून वढली… तू नि जावई हसत व्हता, ठाऊक हाय मला. पन हे दीड वरीस तेच घोकतायत. आख्ख्या नारायणगावच्या गाड्या नीट करनारा मिस्त्री, आन् लेक धाडली ट्रॅक्टरला बांधून.

म्हनून तर भंगारातल्या जीपचं इंजिन घातलं तिच्यात… हां, डिझेलचं. लई मोठं. दोन महिने तेच चाललं व्हतं. बॉनेट लागंना तर वरनं कापलं… कापलं म्हन्जी कापलं. रविवारी चालू केली तर माझी मांडनीवरची भांडी वाजली. म्हनले, आता घाट काय, लेण्याद्रीच्या पायऱ्या बी चढंल.

मग मी म्हनलं, मला फिरवून आना एक चक्कर. बसाया गेले तर पायच ठेवता येईना… अगं, इंजिन मोठं, म्हनून गिअरची पेटी मागं सरकली. शेजारच्या सीटम्होरची जागाच खाल्ली तिनं. दोन महिने एकटेच बसून मापं घेत व्हते, शेजारी कुनी बसनार हाय हे ध्यानातच न्हाई… हास, हास. मला बी हसू आलं, पन त्यांचं तोंड बघून गिळलं. लई वाईट वाटलं गं.

मग जेवताना मी म्हनलं, शेजारच्या सावळेरामाची जीप सांगू का, पोरीचे पाय सुजल्यात, तिला पाय पसरून बसाया लागंल. तर म्हनले, सुजल्यात? मला कुनी सांगितलं न्हाई… अगं, तूच म्हनलीस ना आबांना सांगू नको म्हनून.

सोमवारी चहा घेऊन गेले तर इंजिन साखळीला टांगलेलं… हां, काढलं. परत जुनं छोटं घातलं. आता बॉनेटचं भोक बुजवतायत… मी इचारलं ना. म्हनलं, घाटात परत बसली तर? म्हनले, बसली तर बसली. माझं नाक कापलं तर कापलं, गाडी ट्रॅक्टरवाला वढून नेईल. तिला पाय ठेवाया जागा पायजे.

…काय?… आबांना देऊ?… हां. हां बाई… देते की त्यांना. अहो… अहो, या हिकडं, कल्याणी बोलतीय… काय? हात काळे हायेत म्हनून कोन फोन न्हाई घेत व्हय. या, मी धरते कानाला.

बोल गं. धरलाय मी. ऐकतायत…

…काय म्हनली वो?… अहो, नका पुसू डोळे त्या हातांनी, गिरीस जाईल डोळ्यात. थांबा… कल्याणी, ठेवते गं आता. ह्यांचे डोळे पदरानं पुसाया हात मोकळा न्हाई मला.