वेड्या डॉक्टरचा सिनेमा

भुताच्या सिनेमांचा विषय काढलात म्हणून सांगतो. आमच्या ऑफिसातले वामनराव बायको गेल्यापासून कोणाशी बोलत नव्हते. मन रमावं म्हणून मी त्यांना सीताबर्डीला मॅटिनीला नेलं. पोस्टरसुद्धा पाहिलं नाही.

निघाला काळापांढरा, स्वस्तातला सिनेमा. एक वेडा डॉक्टर मेलेल्या बायकोला विजेचे झटके देत होता. यंत्र पुठ्ठ्याचं, प्रेताच्या पापण्या हलत होत्या. थिएटर खदखदून हसत होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"वामनराव, चला, घरी जाऊ."

"थांब गा. ती उठते का, पाहू दे मले."

ती उठली आणि तिनं डॉक्टरचाच गळा दाबला.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "चुकलंच माझं. तिनं तर नवऱ्याला ओळखलंही नाही."

वामनराव म्हणाले, "नाही ओळखलं तरी चालते गा. उठून बसली ना ती."