बुधवारचं घर

नवरा : ...म्हणजे मॅडम, आता आमच्या घराला तुमचे पाय लागायचे नाहीत म्हणा.

ताई : चांगलंच आहे की ते. इतके बुधवार येतेय, मला काही वावगं दिसलं नाही. म्हणून फाईल बंद करायची ठरलीय. तुम्ही इथे सही करा, आणि चिंगीच्या आईनं खाली.

नवरा : करतो की. त्या शाळेतल्या बाईंनी उगाच राईचा पर्वत केला. पोरीच्या दंडावर एवढासा वळ काय दिसला, थेट बालकल्याणचं माणूस आमच्या दारात. तुमच्याबद्दल तक्रार नाही हं. तुम्ही आपल्या फोन करून येता, वेळेवर येता, कोणाला घालूनपाडून बोलत नाही.

ताई : चिंगी, तू काय म्हणतेस? मी आता येणार नाही.

नवरा : ती काय म्हणणार, मूग गिळून बसलेली असते. आईवर गेलीय. चल गं, खालून बिस्किटं आणू. मॅडमना शेवटच्या दिवशी नुसता चहा नको.

ताई : तिला राहू द्या ना इथेच.

नवरा : छे, ती माझ्याशिवाय राहत नाही. चप्पल घाल. चल.

(दार ओढल्याचा आवाज. जिन्यावरून पावलं उतरत जातात.)

आई : ताई, मी सही करणार नाही.

ताई : का? काय झालं?

आई : लिहून घ्या. मी मारते चिंगीला.

ताई : तुम्ही?

आई : हो, मी. लिहा लवकर. दुकान समोरच आहे.

ताई : कशानं मारता?

आई : हातानं. नाहीतर लाटण्यानं लिहा. काहीही लिहा.

ताई : कोणत्या हातानं?

आई : उजव्या.

ताई : तो तुमच्या खांद्याच्या वर जात नाही. मागच्या खेपेला साखरेचा डबा काढायला तुम्ही चिंगीला स्टुलावर चढवलंत.

आई : मग डावा लिहा.

ताई : मी खोटं लिहिणार नाही. कोण मारतं ते सांगा.

आई : ते एकदा सांगून झालंय. तुमच्या आधी ते साहेब यायचे ना, त्यांना. ते म्हणाले, दोन्ही बाजू ऐकाव्या लागतात. तुम्ही बसलात तिथेच बसून त्यांनी ह्याला विचारलं. हा हसला, साहेबही हसले. चहा प्यायले आणि गेले. हा हात त्याच रात्री असा झाला.

ताई : फाईलमध्ये बाथरूममध्ये पाय घसरला असं आहे.

आई : मीच सांगितलं तसं डॉक्टरांना. हा शेजारी उभा होता.

ताई : पण मला तरी एका शब्दानं...

आई : कधी बोलू? दर वेळी तो तिला घेऊन खाली जातो, ते काय बिस्किटांसाठी? पोर त्याच्या हातात असली की माझी जीभ टाळूला चिकटते.

ताई : आणि आज?

आई : आज नाही बोलले तर पुढे कोणाशी बोलू? तुमचा फोन सोमवारी येतो. तेव्हापासून तुम्ही येऊन जाईपर्यंत घरात आवाज चढत नाही. चिंगीला वाटतं, बुधवार म्हणजे बाबा चांगले असायचा वार. काल विचारत होती, उद्या झाल्यावर परत बुधवार कधी.

ताई : मला वाटायचं, हेच तुमचं घर.

आई : हे बुधवारचं घर आहे, ताई. बाकीचं तुम्ही पाहिलं नाहीत.

ताई : तुमचं नाव लिहिलं तर चिंगीला तुमच्यापासून काढून घेतील. ठाऊक आहे ना?

आई : आहे.

ताई : भेटायलासुद्धा परवानगी लागेल.

आई : सगळा विचार करून बोलतेय. त्याचं नाव घेतलं तर मागच्यासारखं होणार. माझं घेतलं तर त्याला हसू येईल, आणि पोर सुटेल. आधी माझ्यावर भागायचं. आता भागत नाही.

ताई : आणि तुम्ही इथेच राहणार त्याच्याबरोबर? मला भीती वाटतेय हो.

आई : मला तर सवय झालीय तिची. आले बघा.

नवरा : घ्या, क्रीमची आणलीत. पोरीनंच निवडली. हे काय, सही नाही झाली अजून?

आई : मी सांगितलं त्यांना. मी मारते चिंगीला म्हणून.

नवरा : काय सांगितलंस?

आई : खरं ते सांगितलं.

नवरा : अच्छा. बोललीस म्हणजे एकदाची. काय आहे मॅडम, मी आपलं पांघरूण घालत होतो. बायको आहे, चारचौघांत कशाला शोभा? पण हात जरा सैलच आहे तिचा.

ताई : तुम्ही स्वतः पाहिलंय?

नवरा : एकदा? शंभरदा. मी मध्ये पडतो म्हणून पोर वाचते.

ताई : मग फाईल बंद होत नाही. अशी कबुली दिली की आईला आणि मुलीला आजच ऑफिसात न्यावं लागतं, जबाबाला.

नवरा : आज? मग मीही येतो.

ताई : तुमच्यावर कोणाचं काही म्हणणंच नाही, तुम्हाला कशाला हेलपाटा? तुमचा जबाब उद्या, वेगळा. आज बरोबर आलात तर आमच्या मोठ्या मॅडम म्हणतील, ह्यांनीच पढवून आणलं.

नवरा : नको, नको, तसं नको. जा तुम्ही. आणि परत कधी येतील ह्या?

ताई : फोन करते. नेहमीसारखा.

नवरा : पिशवी कशाला गं?

आई : चिंगीचा स्वेटर आहे.

नवरा : एवढ्या उन्हात?

ताई : आमच्या ऑफिसात एसी फार असतो. चला, मोठ्या मॅडम निघून जातील.

नवरा : चिंगे, बिस्किटं घेऊन जा बरोबर. बाबांनी दिलीत म्हणून सांग सगळ्यांना.

ताई : जिना जपून उतरा. चिंगी, हात दे मला. ...हं, आता ऐका. आपण ऑफिसात जात नाही. तुम्हा दोघींना राहायला एक जागा आहे, तिथला पत्ता त्याला कोणी देणार नाही.

आई : मग परत नाही यायचं?

ताई : नाही. पण तुम्ही जे कबूल केलंत आणि तो जे ‘शंभरदा पाहिलंय’ म्हणाला, ते उद्या तुमच्यावर उलटेल. तो ते सगळीकडे सांगत सुटेल.

आई : आणि तुमचे वरचे त्याचंच ऐकतील?

ताई : ऐकू शकतात. मी भांडेन. त्यापुढचं मला माहीत नाही.

आई : चिंगी मात्र आज रात्री माझ्याजवळ असेल?

ताई : असेल. तेवढं नक्की. गाडी कोपऱ्यापलीकडे आहे, जरा पाय उचला.

आई : वर बघू नका. तो खिडकीत आहे. चिंगी, बाबांना टाटा कर. हसून कर.

ताई : केला तिनं. चला आता, भरभर.

आई : नको, ताई. कोपऱ्यापर्यंत सावकाशच चला. नेहमी जाता तशा.